पटाबाहेरचे ग्रँडमास्टर

बुद्धिबळाची कोडी सोडवणं हे व्यसन तसं निरुपद्रवी. पैसे पडत नाहीत, तोंडाला वास येत नाही आणि घरच्यांना वाटतं, माणूस विचार करतोय! कागदावर चौसष्ट घरांचा चौकोन असतो आणि त्याखाली एक ओळ : 'पांढऱ्याची खेळी. दोन चालींत मात.' बस्स, एवढ्यावर आमच्यासारख्या बी.कॉम. माणसाचा रविवार सुखात जातो.

आता गंमत बघा. या कोड्यात खरी मदत चित्राची नसतेच, खालच्या ओळीची असते. मात आहे, हे आधीच सांगून ठेवलेलं. त्यामुळे एरवी जो माणूस काड्या मोडलेली छत्री टाकायला तयार नसतो, तो इथे बिनदिक्कत वजीर टाकतो. कारण कुणीतरी हमी दिलेली असते. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर जामीनदार भक्कम आहे.

ती ओळ काढून घ्या, मग बघा. २००६ साली जर्मनीतल्या बॉन शहरात व्लादिमिर क्रामनिक 'डीप फ्रिट्झ' नावाच्या संगणकाविरुद्ध खेळत होता. क्रामनिक तेव्हा जगज्जेता. दुसऱ्या डावात त्याने वजीर हलवला आणि संगणकाने पुढच्याच खेळीत मात केली. एका चालीत मात! असलं कोडं पोराटोरांच्या पुस्तकात पहिल्या पानावर असतं. पण क्रामनिकच्या पटाखाली ती ओळ छापलेली नव्हती ना!

हल्ली सामने मोबाइलवर दिसतात आणि पटाच्या कडेला एक काळी-पांढरी पट्टी असते. कोण वरचढ आहे, हे ती क्षणोक्षणी सांगते. त्यामागे बहुधा 'स्टॉकफिश' नावाचा संगणकी मेंदू असतो. स्टॉकफिश म्हणजे शब्दशः वाळवलेला मासा. तर या सुक्या मासळीच्या जोरावर आम्ही जगज्जेत्यांना अक्कल शिकवतो.

१२ डिसेंबर २०२४, सिंगापूर. गुकेश आणि डिंग लिरेन यांच्यातला चौदावा, शेवटचा डाव. गुण समसमान. पंचावन्नाव्या खेळीला डिंगने हत्ती अशा घरात नेला की हत्तीला हत्ती गेला, उंटाला उंट जाणार हे ठरलं, आणि उरलेल्या प्याद्यांत गुकेशचं एक जास्त. संपलं! साडेसात विरुद्ध साडेसहा. अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता झाला. आमच्या शाखेत पेढे वाटले गेले आणि पेढा तोंडात असतानाच एक सद्गृहस्थ म्हणाले, "हा डिंग अगदीच गाढव निघाला हो!" या सद्गृहस्थांचा घोडा अडीच घरं जातो, की अडीच घरं गेल्यावर विचारतो, हे मला अजून कळलेलं नाही.

चूक झाल्याचं डिंगला कळलं तेही समोरच्या गुकेशचा खुललेला चेहरा बघून. हे त्याने स्वतःच सांगितलं. आणि गुकेश म्हणाला की पहिल्या क्षणी ते त्याच्याही ध्यानात आलं नव्हतं. म्हणजे पटावर बसलेल्या दोघांनाही जे चटकन दिसलं नाही, ते आमच्या पासिंग सेक्शनला ताबडतोब दिसलं! जिंकल्यावर गुकेशने डिंगचं कौतुक केलं, खऱ्या जगज्जेत्यासारखा लढला म्हणाला. ज्याचा त्या चुकीने फायदा झाला तो आदराने बोलतो, आणि ज्याचा काडीचा संबंध नाही तो गाढव म्हणतो.

प्रश्न असा की, ज्याच्या हातात उत्तर आहे, त्याला उत्तर शोधणाऱ्याला नावं ठेवायचा अधिकार किती?

मला हा प्रश्न पडतो, कारण आमच्याकडे ऑडिटर येतात. काउंटरवरच्या माणसापुढे तीस जणांची रांग, वर घड्याळ आणि खिडकीतून आत आलेला एखादा हात. ऑडिटरसाहेब सहा महिन्यांनी येतात. रांग नाही, पंखा आहे, चहा आहे. ते विचारतात, "हे तेव्हाच कसं दिसलं नाही?" साहेब, तेव्हा 'या व्हाउचरमध्ये चूक आहे' अशी ओळ खाली छापलेली नव्हती हो!

पण थांबा. म्हणून चुकीला चूक म्हणायचंच नाही का? तसं केलं तर बँक चार दिवसांत बसेल. कॅशमध्ये शंभर रुपये कमी ते कमीच. रांग लांब होती म्हणून ते उगवत नाहीत. बुद्धिबळातही हात लावलेलं मोहरं चालवावंच लागतं, "मनात वेगळं होतं" ही सबब चालत नाही. तेव्हा पट्टी खेळीचा न्याय करते, तो योग्यच. माझी तक्रार एवढीच की आपण खेळीच्या निकालपत्रावर खेळणाऱ्याचं नाव घालतो. खेळी चूक होती हे कळायला उत्तर पुरतं. माणूस गाढव होता हे ठरवायला त्याची खुर्ची, त्याचं घड्याळ आणि त्याची झोप हे सगळं ठाऊक असावं लागतं.

आणि आपला न्याय किती निःपक्षपाती असतो म्हणता? जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषकाची अंतिम फेरी झाली. नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख विरुद्ध कोनेरू हम्पी. दिव्याच्या जन्माआधीच हम्पी ग्रँडमास्टर झालेली. टायब्रेकच्या दुसऱ्या डावात वेळ संपत आली आणि हम्पी चुकली. दिव्या जिंकली. पुन्हा पेढे आले. पण तेच सद्गृहस्थ या वेळी हळहळून म्हणाले, "बिचारीकडे वेळच उरला नव्हता हो!" पट तोच, घड्याळ तसंच, फक्त चुकणारी आपली होती. म्हणजे समजून घ्यायची अक्कल आपल्याकडे असते. ती आपण घरच्यांसाठी राखून ठेवतो.

मी एक साधा उपाय शोधलाय. सामना बघताना त्या पट्टीवर अंगठा ठेवायचा. स्वतःची खेळी मनात पक्की करायची आणि मगच अंगठा उचलायचा. करून बघा. दहा मिनिटांत जगातल्या समस्त ग्रँडमास्टरांबद्दल अपार आदर वाटू लागतो. खेळ सुधारत नाही, पण जीभ सुधारते. अंगठेबहाद्दर होण्याचा एवढा फायदा दुसरीकडे कुठे मिळणार?