‘जणू’ नसलेल्या ओळी

दहावीच्या मराठीत अलंकार ओळखायची एक हुकमी युक्ती असते. ‘सारखा’, ‘सम’, ‘जसा’ दिसलं की उपमा. ‘जणू’, ‘गमे’, ‘भासे’ दिसलं की उत्प्रेक्षा. निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की चेतनगुणोक्ती. उपमेय, उपमान आणि साधर्म्यदर्शक शब्द लिहिले की गुण पदरात. युक्ती खोटी नाही, पण ती एकेकट्या ओळीसाठी, तीही बहुधा कवितेतल्या ओळीसाठी घडलेली आहे. तीच घेऊन मूल कादंबरीत शिरतं तेव्हा त्याच्या हाती फार थोडं लागतं.

मुळात मराठी कादंबरी शाळेत सलग वाचली जाते तरी कुठे? 2020 साली आलेल्या बारावीच्या पुस्तकांत कादंबरी हा साहित्यप्रकार म्हणून इंग्रजीत आहे. मराठीत त्या जागी कथा आहे. म्हणजे मराठी कादंबरी मुलाला भेटते ती उताऱ्यातून, नाहीतर वाचनालयातून.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुलांना अडचण पडताळायला लांब जायला नको. एकट्या दापोली तालुक्याने पालगडचे साने गुरुजी दिले आणि मुर्डीचे कादंबरीकार श्री. ना. पेंडसेही. ‘श्यामची आई’ 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसा मनालाही जप, असं आई श्यामला समजावते तो प्रसंग घराघरांत ठाऊक आहे. तिथे उपमेय आणि उपमान दोन्ही आईच हातात ठेवते. त्या पुस्तकाला ते शोभतंही, कारण एकजण सांगतो आहे आणि भोवती ऐकणारे बसले आहेत. पण त्यावर वाढलेल्या वाचकाला वाटू लागतं, की लाक्षणिक अर्थ असला की लेखक तो बोटाने दाखवतोच.

पेंडसे दाखवत नाहीत. त्यांची ‘रथचक्र’ ही कादंबरी 1962 ची. पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नवरा घर सोडून गेलेली बाई एकत्र कुटुंबात मुलांच्या शिक्षणासाठी झगडते, एवढं कथानक. रणांगण नाही, रथ नाही. तरी नाव वाचताच मराठी माणसाला कर्ण आठवतो, जमिनीने गिळलेलं चाक आठवतं. मग ही बाई कोण? चाक उपसू पाहणारा कर्ण, की ते चाकच? आणि जमीन कोणती: दारिद्र्य, घर, की रीतभात? अख्ख्या पुस्तकाला व्यापणाऱ्या या रूपकाचा साधर्म्यदर्शक शब्द कोणी मागितला तर काय दाखवणार?

यासाठी आपल्याच परंपरेत जास्त धारदार अवजार पडून आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेची, म्हणजे शब्द मूळ अर्थावरून दुसऱ्या अर्थाकडे सरकण्याची, पहिली अट सांगितली ती मुख्यार्थाला बाध येण्याची. नेहमीचं उदाहरण गंगेवरल्या गौळवाडीचं. प्रवाहावर वस्ती राहणार कशी? म्हणून अर्थ तीराकडे सरकतो. आणि वक्ता सरळ ‘तीरावर’ न म्हणता ‘गंगेवर’ म्हणतो, त्यातून तिथला गारवा आणि पावित्र्य सुचतं, ती व्यंजना. भाट्याच्या खाडीकाठचं पोर ‘आमचं घर खाडीवर आहे’ असं रोज म्हणतं. त्यात ताजी मासळी, खारा वारा, विहिरीचं मचूळ पाणी, सगळं न सांगता येतं. लक्षणा त्याच्या तोंडात आहे. वर्गात तिचं नाव तेवढं कुणी घेत नाही.

कादंबरी मात्र याही पुढे जाते. पेंडशांच्याच ‘तुंबाडचे खोत’मध्ये खोतांचा वाडा खरोखरच वाडा आहे आणि जगबुडी ही खेडजवळून वाहणारी खरीखुरी नदी. मुख्यार्थाला कुठेच बाध नाही. तरी पिढ्यांमागून पिढ्या सरतात तसा वाडा नुसता वाडा राहत नाही. हे एका वाक्यात सापडत नाही. तीच वस्तू पुन्हा कधी आली, या वेळी तिच्याकडे कोण पाहतं आहे, मधल्या काळात काय बदललं, हे लक्षात ठेवत वाचावं लागतं. कादंबरीतलं रूपक पानांच्या अंतरावर घडतं.

उलट टोकाचा धोकाही आहे, आणि माझ्या मते तो हुशार मुलांना जास्त. एकदा प्रतीकांची चटक लागली की पाऊस म्हणजे अश्रू आणि तांबडी माती म्हणजे रक्त! वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या जिल्ह्यात पाऊस पुष्कळदा नुसता पाऊस असतो. आगोट आली, लाकूडफाटा भरायचा राहिला, एवढंच लेखकाला सांगायचं असू शकतं. तांबडी माती जांभ्यामुळे तांबडी असते. खोत म्हणजे सारावसुलीचा वंशपरंपरागत हक्क असलेला माणूस, आणि ती पद्धत 1949 च्या कायद्याने गेली, हे ठाऊक नसेल तर पेंडशांच्या ‘गारंबीचा बापू’मधला अण्णा खोत हा ‘दुष्टतेचं प्रतीक’ एवढाच उरतो आणि कादंबरीतली खरी कुस्ती हरवते. वाच्यार्थाची जमीन पक्की नसेल तर लक्ष्यार्थ तरंगतच राहतो. हे वाच्य ज्ञान कोकणातल्या मुलाला घरबसल्या मिळतं, पण परीक्षा त्याला ते कधी विचारत नाही.

शिक्षकांची बाजूही खरी आहे. साठ मुलांचा वर्ग, दोन गुणांचा प्रश्न, सोबत नमुना उत्तर. ‘जणू’ तपासायला सोपं, वाड्याचा बदलता अर्थ तपासायला अवघड. पण अलंकाराचं नाव आपण सांगून टाकावं आणि गुण पुढच्या प्रश्नाला ठेवावेत: इथे साधा अर्थ पुरतो का? पुरत नसेल तर पुस्तकातल्या आणखी कोणत्या दोन जागा तुझ्या बाजूने आहेत? दोन मुलांची उत्तरं वेगळी येतील. एकाला ‘रथचक्र’मधली बाई कर्ण वाटेल, दुसऱ्याला चाक. जागा नेमक्या दाखवल्या असतील तर दोघांनाही पूर्ण गुण द्यायला हरकत नाही.