पोटासाठी काढलेलं चित्र

सावता माळ्याला मळ्यातच विठ्ठल भेटला, हे मी लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलोय. पण मळा त्याचा स्वतःचा होता. सरकारने नेमून दिलेल्या कामात देव भेटतो का?

मी स्क्रीन प्रिंटिंगवाला. लग्नपत्रिका, पिशव्या, निवडणुकीतले फलक, सगळं छापलं. म्हणून १९३५ नंतरची अमेरिकेतली सरकारी पोस्टरं पाहताना माझं लक्ष आधी शाईकडे जातं. महामंदीत बेकार झालेल्या चित्रकारांना रूझवेल्ट सरकारने फेडरल आर्ट प्रोजेक्टमध्ये पगारावर घेतलं. सुरुवातीला पोस्टरं हाताने रंगवत. मग अँथनी वेलोनिसने न्यूयॉर्कच्या विभागात सिल्कस्क्रीन आणलं. सपाट रंग, मोजकी अक्षरं. एका रंगाला एक फ्रेम. १९४३पर्यंत सुमारे वीस लाख प्रती निघाल्या. विषय काय, तर क्षयरोग, प्राणिसंग्रहालय, नाटकाचे प्रयोग आणि चक्क सिफिलिस! कित्येकांवर चित्रकाराची सही नाही.

गीता सांगणारे याला लगेच निष्काम कर्म म्हणतील. मला ते पटत नाही. त्या माणसाला आठवड्याचा पगार हवा होता, आणि त्यात कमीपणा कसला? आपल्याकडे १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांना कुणी निष्काम म्हटलं नाही. तरी प्राणिसंग्रहालयाच्या एका पोस्टरवरचा हत्ती बघा. इतक्या निगुतीने कडा कापायला कुणी सांगितलं नव्हतं. पगार तेवढाच मिळणार होता.