कधी कधीचा दोष



माउलींनो, आज प्रश्न गाडीचा आहे. कीर्तनकाराने गाडीबद्दल लिहावे याचे कोणाला हसू आले तर येऊ द्यावे. मला स्वतःला बॉनेट उघडता येत नाही. पण गेल्या काही वर्षांत ज्या एका गोष्टीने मला रात्री जागे ठेवले ती या गाडीतून निघाली, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

प्रश्न असा. जो दोष नेहमी दिसत नाही, कधी दिसतो आणि कधी नाही, तो कोणाचा म्हणावा? रोज चुकणाऱ्याला चुकणारा म्हणता येते. कधीच न चुकणाऱ्याबद्दल बोलणेच खुंटते. मधल्याचे काय? आणि तो दोष नेमका कोठे आहे हे ठरविण्याचा अधिकार कोणाला?

आमच्या दिंडीकडे एक जुनी डिझेल पिकअप आहे. तंबू, भांडी, शिधा, आजारी पडलेला एखादा वारकरी, सगळे तिच्या हौद्यात. दिंडी चालत असते तेव्हा ही पुढच्या मुक्कामाला आधी पोचते आणि चूल पेटवते. दोनशे माणसांचे दुपारचे जेवण तिच्या चावीवर अवलंबून. तिचा ड्रायव्हर आमच्याच तालुक्यातला, पंचविशीतला पोरगा. सलग चार वर्षे त्याने पगार न घेता वारी केली होती, फक्त डिझेल आणि जेवण.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सासवडच्या दुसऱ्या मुक्कामानंतर पहाटे त्याने चावी फिरवली आणि काही झाले नाही. दोन मिनिटांनी पुन्हा फिरवली तर लगेच चालू. कोणी मनावर घेतले नाही. जेजुरीहून निघताना पुन्हा तेच, या वेळी मात्र चालू होईना. आठ-दहा जणांनी विठ्ठलनामाच्या गजरात धक्का दिला, गाडी पेटली, सगळ्यांना मोठी मौज वाटली. जवळच्या दुकानदाराने सांगितले, बॅटरी गेली. भिशीतून साडेसहा हजार काढून नवी बॅटरी बसवली. वाल्हे, लोणंद सुखरूप. तरडगावला पुन्हा धक्का. फलटणला एका गॅरेजवाल्याने सेल्फ उतरवला, आतले कार्बन बदलले, पुन्हा बसवला. चालू! आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फलटण सोडताना गाडी जागची हलेना.

त्या पहाटे माझा तोल गेला. रात्री हा पोरगा गाडीत झोपतो, मोबाइल चार्जिंगला लावतो, गाणी ऐकतो, बॅटरी उतरणारच, असे दोघा-तिघांचे म्हणणे माझ्या कानावर आले होते. कोणी तर बॅटरीवाल्याकडून याला काही मिळाले असेल, असेही सुचवले. मी चौकशी केली नाही. सगळ्यांसमोर म्हणालो, "ज्याचं लक्ष फोनमध्ये, त्याच्या हाताला गाडी कशी लागेल? उद्यापासून दुसरा माणूस बघू." पोरगा काही बोलला नाही. त्याने चावी माझ्या ट्रंकेवर ठेवली, पाया पडला आणि एस.टी. स्टँडकडे चालू लागला. पाया पडला, हे मुद्दाम लिहितो.

दुसरा ड्रायव्हर मिळाला. धक्का मारून गाडी पेटवली, त्यानंतर बरड झाले, नातेपुते झाले, पिकअप एका चावीत चालू. दिंडीत माझ्या निर्णयाची वाहवा झाली. "महाराजांनी बरोबर ओळखलं." खोटे कशाला बोलू, मलाही बरे वाटले.

येथे थोडे थांबतो. तरुणपणी ज्या गुरुजींपाशी मी न्यायाचे चार शब्द शिकलो, ते काकतालीय न्याय समजावताना फार हसवत. कावळा ताडावर बसायला आणि फळ पडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फळ पाडले असे होत नाही. त्याहून बारीक गोष्ट म्हणजे सव्यभिचार हेतू. जो हेतू साध्य असताना सापडतो आणि नसतानाही सापडतो, तो काहीच सिद्ध करत नाही. नवा ड्रायव्हर आला आणि गाडी चालू झाली, हे खरे. पण जुना ड्रायव्हर असतानाही वाल्ह्याला आणि लोणंदला ती चालू झालीच होती. नवी बॅटरी बसवल्यावर चालू झाली, कार्बन बदलल्यावर चालू झाली, आणि काहीच न करता दोन मिनिटे वाट पाहिल्यावरही सासवडला चालू झाली होती. मी पन्नास वर्षे लोकांना हेत्वाभास समजावून सांगितले. तो हेत्वाभास माझ्या ट्रंकेवर चावीच्या रूपाने पडला होता आणि मला दिसला नाही.

माळशिरसला पहाटे गाडी पुन्हा बंद.

वेळापूरला शिधा पोचायचा होता. धक्का देण्यासाठी माणसे जमलीच होती. तेवढ्यात गावातला एक म्हातारा वायरमन सायकलवरून आला. कोणी बोलावले होते कोण जाणे. त्याने धक्का देणाऱ्यांना हाताने थांबवले. "माउली, आत्ता हात लावू नका. दोष आत्ता घरात आहे. तुम्ही हलवलं की तो बाहेर पळंल, मग मी कुणाला विचारू?"

मी घड्याळ दाखवले. तो म्हणाला, "अर्धा तास द्या. नाहीतर पंढरपूरपर्यंत ढकलत न्या."

त्याचा पहिला प्रश्न ऐकून मी वरमलो. "चालू होत नाही म्हणजे काय होतं? इंजिन फिरतं पण पेटत नाही, की फिरतच नाही?" जेजुरीपासून इतक्यांनी गाडी पाहिली होती, हे कोणी विचारले नव्हते. फिरते पण पेटत नाही, तर डिझेलकडे पाहायचे. फिरतच नाही, तर विजेकडे. नव्या ड्रायव्हरने सांगितले, नुसते टक् होते. म्हणजे वीज.

मग त्याने पुढचे दिवे लावायला सांगितले आणि दिव्यांकडे पाहत चावी फिरवायला लावली. टक् झाले. दिवे होते तसेच लख्ख राहिले. "बॅटरी उतरलेली असती तर दिवे मान टाकते. बॅटरी चांगली आहे." त्याने मीटर लावला. बॅटरीच्या दोन टोकांवर साडेबारा, आणि चावी फिरवतानाही बाराच्या खाली नाही. मग एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवली आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. "इथं चावी फिरवताना अर्ध्या व्होल्टच्या आत दिसलं पाहिजे." दिसले आठ.

त्याने मला जे समजावले ते मी माझ्या शब्दांत सांगतो, कारण त्यात मला फार आनंद झाला. आपल्याला वाटते वीज बॅटरीतून सेल्फकडे जाते आणि काम झाले. पण तिला परत यावे लागते. जाण्याला जाड वायर असते, ती सगळे तपासतात. परतीची वाट कोणी पाहत नाही. इंजिन रबराच्या गुटक्यांवर बसवलेले असते, त्यामुळे ते चेसीपासून वेगळे पडते. त्या दोघांना जोडते ती विणलेल्या तांब्याची एक पट्टी, तिला अर्थिंगची पट्टी म्हणतात. सेल्फ दोन-तीनशे अँपिअर ओढतो, ते सगळे त्या पट्टीने परत यायचे. आमची पट्टी बोल्टापाशी गंजून जवळजवळ तुटली होती. चार तारा शिल्लक होत्या. इंजिन ज्या बाजूला झुकून थांबेल त्याप्रमाणे त्या कधी टेकत, कधी नाही. दिव्यांची परतीची वाट वेगळी, थेट चेसीतून, म्हणून ते लख्ख. बॅटरी बदलताना, सेल्फ काढताना, धक्का देताना, प्रत्येक वेळी इंजिन हलत होते आणि तारा टेकत होत्या. जो तो म्हणत होता, मी दुरुस्त केले.

बॅटरी भरणारी वीजही त्याच वाटेने परतायची. म्हणून जेजुरीच्या दुकानदाराला बॅटरी थोडी उतरलेली दिसली असेल. तोही खोटे बोलला नव्हता.

आणखी एक. परतीची वाट बंद झाली की वीज दुसरी वाट शोधते. आमच्या गाडीत तिने अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलची वाट धरली होती. म्हाताऱ्याने केबल दाखवली, वरचे प्लास्टिक वितळून चिकटले होते. ज्या बारीक तारेचे ते काम नव्हते, ती बिचारी जळत होती.

आता त्याने सिद्धान्त केला तो पाहा. एक जाड वायर घेऊन बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनाला जोडली. चावी फिरवली, इंजिन चालू. बंद केले, वायर काढली. टक्. वायर जोडली, चालू. काढली, टक्. तिसऱ्यांदाही केले. आहे तर आहे, नाही तर नाही. यालाच आपण अन्वय आणि व्यतिरेक म्हणतो. शास्त्रीबुवांच्या ओसरीवर मी ते घोकले होते, माळशिरसच्या रस्त्याकडेला डोळ्यांनी पाहिले. नवी पट्टी दीडशे रुपयांची. लोखंड कानशीने घासून लख्ख केले, पट्टी कसली, वर ग्रीस लावले. वेळापूरला जेवण तासभर उशिरा झाले, एवढेच.

पण मी जेवलो नाही. दिवे लख्ख राहिलेले पाहिले त्या क्षणी मला जेजुरी आठवली होती. बॅटरी विकत घेताना तो पोरगा माझ्याशेजारी उभा राहून म्हणाला होता, "महाराज, चावी फिरवताना दिवे मंद होत नाहीत. बॅटरी नसावी." मी म्हणालो होतो, "तू गाडी चालव. बाकीचं आम्ही बघतो."

शब्दप्रमाण मानणारे आम्ही लोक. आप्ताचा शब्द प्रमाण, हे मी शेकडो वेळा सांगितले असेल. पण आप्त कोण? न्यायसूत्रांवर भाष्य करणाऱ्या वात्स्यायनांनी त्याचे लक्षण स्पष्ट केले आहे. ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. आणि पुढे म्हणतात, हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छालाही सारखेच. वयाचे नाव नाही, विद्येचे नाही, गळ्यातल्या वीण्याचे तर नाहीच. त्या गाडीच्या बाबतीत आमच्या दिंडीत आप्त एकच होता. तो रात्री तिच्यात झोपत होता, म्हणूनच त्याला कळत होते, आणि तेच आम्ही त्याच्याविरुद्ध धरले.

दृष्टान्त एकदेशी असतो, सर्व अंगांनी लावू नये, हे मला ठाऊक आहे. पट्टीला अपमान वाटत नाही. माणूस गाडीसारखा उघडून पाहता येत नाही, आणि मीटर लावण्याइतका स्थिर राहतही नाही. पण म्हणूनच तर माणसाच्या बाबतीत अधिक थांबायला हवे, आणि आपण कमी थांबतो. गाडीसाठी आम्ही चार माणसांना विचारले. पोराला एकही प्रश्न विचारला नाही.

उलट बाजूही आहे. स्वतःच्या कधी कधीच्या दोषाला आपण किती सवलत देतो! माझा राग वर्षातून दोन-चारदाच येतो. आला की घरचे काहीतरी करून धकवतात, मीही दुसऱ्या दिवशी गोड होतो, आणि सगळे म्हणतात महाराज मुळात शांत आहेत. म्हणजे काय? धक्का दिला आणि गाडी पेटली. आमची मंडळी, देव तिला सुखी ठेवो, एकदा म्हणाली होती, "तुमचा राग गेल्यावर त्याच्याबद्दल बोलायची सोय नाही आणि असताना तर नाहीच." तेव्हा मला ते बोलणे भांडकुदळपणाचे वाटले. दोष घरात असताना त्याच्याकडे पाहायचे असते, हे तिला माळशिरसला न जाता कळले होते. फलटणच्या त्या पहाटे राग आला तेव्हा मी क्षणभर थांबून तो कशाचा आहे हे पाहिले असते, तर कदाचित दिसले असते की तो पोराचा नव्हता. साडेसहा हजार भिशीचे माझ्या सल्ल्याने गेले होते, आणि लोक माझ्याकडे पाहत होते. त्या रागाला नीट वाट मिळाली नाही आणि तो एका बारीक तारेतून गेला.

असो. आषाढीनंतर घरी आलो आणि पंधरा दिवस टाळाटाळ केली. मग पिकअप घेऊनच त्याच्या गावी गेलो. तो आता दुधाचा टेम्पो चालवतो. मी अंगणात उभा राहून जे म्हणायचे ते म्हटले. त्याची आई आत निघून गेली, बाहेर आली नाही. त्याने खाली पाहत ऐकून घेतले. वारीला पुन्हा येशील का, असे विचारले तर म्हणाला, "सकाळची पाळी असते, महाराज. जमायचं नाही." खरे कारण तेच असेल असे मी धरून चालत नाही.

मग थोड्या वेळाने त्याने विचारले, "कुठं तुटत होती?"

मी सांगितले, इंजिन आणि चेसीच्या मध्ये, बोल्टापाशी.

तो विचार करत राहिला. "पेडल जड लागायचं. मी केबलला तेल सोडत होतो रोज. ते त्याच्यामुळंच?"

मी हो म्हटले. तो उठला, बॉनेट उघडले, आत हात घालून नवी पट्टी हलवून पाहिली. घट्ट होती. मग मला म्हणाला, "बसा आत. दिवे लावा आणि चावी फिरवा." मी आयुष्यात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागेवर बसलो. तो पुढे उभा राहून दिव्यांकडे पाहत होता.