जास्तीचं सोनं

दसरा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. त्यामुळे सकाळी सराफाकडे गर्दी आणि संध्याकाळी दारोदार आपट्याच्या पानांची देवघेव. सराफाकडच्या सोन्याची पावती आपण कपाटात जपून ठेवतो. पानांचं सोनं उजाडताच झेंडूच्या माळांबरोबर घंटागाडीत जातं.

या पानांना सोनं का म्हणायचं, तर कौत्साची गोष्ट सांगतात. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त ती पाचव्या सर्गात आहे. कौत्साचे गुरू वरतंतू ऋषी यांना दक्षिणा नकोच होती. शिष्याने फारच धोशा लावला तेव्हा ते चिडून म्हणाले, १४ विद्या शिकलास ना, मग १४ कोटी आण. कौत्स रघुराजाकडे गेला, तर विश्वजित यज्ञात राजाने सर्वस्व देऊन टाकलेलं; पाहुण्याला अर्घ्य द्यायलाही मातीचं भांडं. शेवटी रघूने कुबेरावर चालून जायचं ठरवलं आणि रातोरात रघूच्याच कोषागारात सोन्याचा पाऊस पडला. आपल्या लोककथेत तो आपट्याच्या झाडापाशी पडतो.

खरी गंमत पुढे आहे. राजा म्हणतो, सगळं ने. कौत्स म्हणतो, गुरूंपुरतंच नेईन. दिलेलं परत घ्यायला राजा राजी नाही, लागेल त्याहून जास्त उचलायला याचक राजी नाही. लोककथा म्हणते, उरलेलं लोकांनी लुटलं. दात्यांचे सत्कार आपण उदंड करतो. ‘पुरे’ म्हणणाऱ्याचा कुणी केलाय? मला तर रघूपेक्षा कौत्स होणं जास्त अवघड वाटतं.

आपण गोष्टीतलं लुटणं तेवढं उचललं. आपट्याचं पान छोटं, जाड, हाताला खरखरीत, टोकाशी दुभंगलेलं. दसऱ्याच्या तोंडावर फांद्या ओरबाडून भारेच्या भारे शहरात येतात, तरी पुरत नाहीत. मग कांचनाची मोठी, मऊ पानं आपटा म्हणून खपवतात. फुकटच्या सोन्यातही भेसळ!

आता सराफाकडचं सोनं. अडीअडचणीला घरात दोन तोळे असावेत, त्यात वावगं काही नाही. कित्येक पोरांची फी आईच्या पाटल्यांनीच भरली आहे. तेवढी गरज भागल्यावरही आपली रांग हटत नाही, बोलायचं ते त्याबद्दल.

यंदा थोरांच्या हातावर आपट्याची जुडी ठेवू नका. एकच पान द्या, आणि समोरच्याने मूठभर पुढे केली तर त्यातलंही एकच घ्या.