ऐकणाऱ्याचे कान

मॅन्युएल फ्रागांते १९८१ साली वयाच्या साठाव्या वर्षी फिलिपिन्सहून हवाईला आले आणि होनोलुलूच्या वाहन परवाना कार्यालयातल्या कारकुनाच्या जागेसाठी लेखी परीक्षेला बसले. ७२१ परीक्षार्थींमध्ये त्यांचा पहिला नंबर आला. नोकरी मात्र मिळाली नाही. थोडा वेळ मुलाखत झाली, उच्चार फार जड असल्याचा शेरा पडला आणि दुसऱ्यांची निवड झाली.

ते कोर्टात गेले. त्यांच्या बाजूच्या भाषातज्ज्ञानं साक्षीत सांगितलं, की फिलिपिनो उच्चार कानावर पडले की लोक ऐकायचंच थांबतात. दोष ऐकणाऱ्यांचा होता, तरी ही साक्ष फ्रागांतेंच्याच विरोधात गेली. काउंटरवर संवाद तुटणार असेल तर नोकरी नाकारणं रास्त, असं १९८९ मध्ये अपील न्यायालयानंही मानलं. हा निकाल अन्यायाचाच होता. ऐकण्याचा कंटाळा एकानं करायचा आणि भाकरी दुसऱ्याची जायची!

लोक ऐकायचं थांबतात म्हणजे नेमकं काय होतं? जॉर्जिया विद्यापीठाच्या डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एका अमेरिकन बाईच्या आवाजातलं छोटंसं व्याख्यान ऐकवलं. टेप तीच, फक्त समोरचा फोटो वेगळा: काहींना गोऱ्या बाईचा, काहींना आशियाई बाईचा. आशियाई चेहरा बघणाऱ्यांना आवाजात नसलेले परके उच्चार ऐकू आले आणि व्याख्यानही कमी समजलं. कानांच्या आधी डोळ्यांनी निकाल देऊन टाकला होता.

मराठी माणसाच्या इंग्रजीत काही खुणा असतातच. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोघांचं काम आपण एका ‘व’वर भागवतो. ‘डेव्हलपमेंट’मध्ये इंग्रज दुसऱ्या अक्षरावर जोर देतो, आपण बहुधा पहिल्यावर. हे अडाणीपण नव्हे. ही मातृभाषेची लय आहे. पण तिला हसायला परकं कुणी लागत नाही. २०१२ च्या ‘इंग्लिश विंग्लिश’ या चित्रपटातली शशी गोडबोले न्यूयॉर्कला जाण्याआधी पुण्यात, स्वतःच्याच घरात, लेकीच्या हसण्यानं खचलेली असते. मराठी माध्यमातून आलेल्या कितीतरी मुलामुलींना हे दुखणं सांगावं लागत नाही. उत्तर तोंडाशी असतं, पण समोरच्याच्या ओठांवर हसू दिसलं की घशात अडकतं.

मुलाखत घेणाऱ्यांनी, शिक्षकांनी, घरातल्या थोरामोठ्यांनी एवढं करावं: समोरच्याला अडवू नये, पहिली काही वाक्यं नीट ऐकून घ्यावीत. नाहीच कळलं तर ‘पुन्हा सांगाल का?’ असं सरळ विचारावं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या प्रयोगांत अनोळखी उच्चारांना सरावायला श्रोत्यांना मिनिटभरही लागलं नव्हतं.