दार नसलेल्याच्या दारात

कोणाच्या घरी जाताना आपण उंबरठ्याशी थांबतो, कडी वाजवतो, आणि आतून होकार आल्यावरच पाऊल टाकतो. पदपथावर निजलेल्या माणसाकडे जाताना हे थांबणे कोठे घडावे? बेघरांपर्यंत पोहोचण्याच्या कार्यातील नैतिक प्रश्न येथून सुरू होतो.

१९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियमाने या माणसाचे एक 'वाचन' करून ठेवले आहे. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना, भिकेवर जगत असावा असे वाटण्याजोग्या स्थितीत सार्वजनिक जागी वावरणे, हेही त्याच्या व्याख्येत भीक मागणेच ठरते. हात पसरण्याचीदेखील आवश्यकता नाही. देह हेच चिन्ह आणि अर्थनिर्णयाचा अधिकार पाहणाऱ्याचा! मजुरी करून रस्त्यावर निजणारा बेघर आणि भिक्षेकरी यांतील भेद या वाचनात पुसला जातो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली भीक मागणे गुन्हा ठरविणारी कलमे दिल्लीपुरती रद्द केली; तथापि पाहूनच अर्थ लावण्याची वृत्ती निकालाने रद्द होत नाही.

पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे यांनी २०१५ पासून प्रार्थनास्थळांबाहेरील भिक्षेकऱ्यांवर जागच्या जागी उपचार करण्याचे व्रत घेतले. उपचारातून नाते आणि नात्यातून भीक सोडण्याचा आग्रह, असा हा क्रम आहे. 'कुठे दुखते?' या प्रश्नाचे उत्तर नुसते पाहून मिळत नाही, ते ऐकावे लागते. चिन्ह येथे बोलू लागते.

तरीही एक शंका उरते. औषध देणाऱ्याला 'नाही' म्हणणे कितपत शक्य असते? ज्याच्यापाशी काहीच उरले नाही असे आपण मानतो, त्याच्यापाशी त्याची कहाणी असते. मदतीच्या बदल्यात तीच मागितली, तर दाताच याचक होतो. अनुभव कोणाचा आणि निवेदनाचा हक्क कोणाचा, हा दलित साहित्याने उभा केलेला प्रश्न पदपथावरही लागू आहे.

एखादा माणूस निवारागृहात येण्याचे नाकारतो. भंगाराचे पोते सोडवत नसेल, सोबतीण बाहेर राहणार असेल, पहाटेचे काम दूर पडत असेल. त्या नकारात केवळ अज्ञान वाचणे म्हणजे कायद्याचेच वाचन पुन्हा करणे होय. यावर कोणी म्हणेल, आजाराने खंगलेल्याचा नकार मानणे ही निव्वळ उपेक्षा नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. जीव धोक्यात असेल तेथे थांबता येणार नाही. परंतु एरवी नकार मानणे आणि पाठ फिरविणे या दोन भिन्न कृती आहेत. 'नाही' ऐकून जो दुसऱ्या दिवशी, काही न मागता, पुन्हा त्याच जागी येतो, त्यानेच तेथे दार आहे हे मान्य केलेले असते.