उशीर कशात आहे?

सबुरी हा गुण खरा, पण वाट पाहण्याच्या प्रत्येक प्रकाराला तो मान द्यावा का? सोमेश्वरनगरच्या परिसरात याचे उत्तर शेतातच उभे असते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली ऊस १६ ते १८ महिने घेतो. त्या काळात कांड्यावर कांडे चढते, साखर भरते. ही मुदत कोणाला घाई करून कमी करता येत नाही. मात्र ऊस पक्व झाला, कारखान्याच्या क्रमपाळीत नाव मागे राहिले आणि तोडणीची टोळी फिरकली नाही, की दुसरी वाट सुरू होते. तुरा येतो, पांगशा फुटतात, कांडे आतून पोकळ पडू लागते, वजन घटते. बांधावरचा शेतकरी दोन्ही वेळा तोच आणि धीरही तोच. पण आधीच्या थांबण्यात पीक घडते, नंतरच्या थांबण्यात ते बिघडते. म्हणून धीराचे मोल सोसण्यावरून ठरवू नये, त्या अवधीत काय घडते यावरून ठरवावे.

हाच निकष हौसेच्या गाडीला लावून पाहू. अलिबागच्या चिंकारा मोटर्सने १९५७ सालच्या लोटस सेव्हनच्या धर्तीवर रोडस्टर बांधली. इंजिन १.८ लिटरचे, इसुझूचे, म्हणजे ॲम्बॅसेडरमध्ये बसे तेच, अंग फायबरग्लासचे. या कामात साच्याला मेण घासायचे, जेलकोट मारायचा, वर काचतंतूची चटई अंथरून तिला रेझिन पाजायचे, रोलरने बुडबुडा न् बुडबुडा बाहेर काढायचा आणि मग हाताची घडी घालून बसायचे. कच्चा भाग साच्यातून उपसला तर वाकतो. इथला उशीर उसाच्या १६ महिन्यांच्या जातीचा. याउलट परवानाराजच्या काळात आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. स्कूटर जोडायला काही वर्षे लागत नव्हती. किती बनवायच्या यावरच सरकारी मर्यादा होती. त्या ताटकळण्याला संयम म्हणणे ही जखमेवर घातलेली शाल झाली.

कोणी म्हणेल, जुन्या गाडीच्या नकलेसाठी एवढी तपश्चर्या कशाला? पण अलिबागच्याच जिल्ह्यात, पेणला, दरवर्षी एकाच साच्यातून असंख्य गणपती निघतात आणि त्यातला कोणता अस्सल, असे कोणी विचारत नाही. प्रतिमा या शब्दातच सारखेपणा आहे. खरा आक्षेप वेगळा आहे. विषयाचे चिंतन करत राहिले की आसक्ती जडते, असे गीतेचा दुसरा अध्याय सांगतो. मग गाडीची मागणी नोंदवून तिचे चित्र डोळ्यांपुढे ठेवत राहणे ही साधना कशी? साधना नाहीच, हे मान्य करून टाकावे. हौस ती हौसच, आणि पैसेवाल्याची हौस. तरी त्या थांबण्यात एक गोष्ट शिकण्यासारखी उरते. पुंडलिकाच्या कथेत वाट पाहणारा भक्त नाही, देव आहे. आईवडिलांची सेवा संपली नव्हती, म्हणून विठोबा विटेवर थांबला. दुसऱ्याच्या हातातले काम त्याने आपल्या येण्यापेक्षा मोठे मानले. कारागिराच्या दारात गिऱ्हाईकाला एवढे जमले तरी पुष्कळ. तेव्हा आगाऊ रक्कम मोजण्याआधी एकच विचारून घ्या: उशीर कामात जाणार आहे, की रांगेत?